गुरूच्या शय्येपाशी उभा राजा : तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमधील संगमरवरी शिल्पाची कथा

तंजावर : तामिळनाडूतील तंजावरला जाणाऱ्या प्रत्येकाची पावले प्रथम बृहदीश्वर मंदिराकडे वळतात. चोळ सम्राट राजराजाने उभारलेल्या या मंदिराला लागूनच शिवगंगा तलाव आणि त्याभोवतीचे उद्यान आहे. याच परिसरात, जुन्या लहान किल्ल्याच्या आवारात, १७७९ साली बांधलेले एक साधे चर्च उभे आहे. अधिकृत नाव क्राइस्ट चर्च. पण दोन शतकांहून अधिक काळ लोक त्याला श्वार्ट्झ चर्च म्हणूनच ओळखतात.

बाहेरून पाहणाऱ्याला या वास्तूत फारसे असामान्य काही आढळत नाही. तिचे महत्त्व आत आहे. येथे पांढऱ्या संगमरवरातील एक उठावशिल्प आहे. त्यात मृत्युशय्येवर एक वृद्ध धर्मोपदेशक पहुडलेला असून त्याचा हात एका भारतीय राजाने आपल्या हाती घेतला आहे. वृद्ध आहेत ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी, आणि राजा आहेत तंजावरच्या भोसले घराण्यातील सरफोजीराजे दुसरे. शिल्पकार जॉन फ्लॅक्समन हे त्या काळातील इंग्लंडच्या अग्रगण्य शिल्पकारांपैकी एक. हे स्मारक ना चर्चने उभारले, ना ईस्ट इंडिया कंपनीने. ते खुद्द सरफोजींनी करवून घेतले.

एका शिवभक्त मराठा राजाने प्रोटेस्टंट चर्चमध्ये स्वतःच्या खर्चाने मिशनऱ्याचे स्मारक का उभारावे, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की हे शिल्प श्रद्धांजलीपुरते मर्यादित राहत नाही. राज्य हातून निसटत असताना एका राजाने आपली ओळख दगडात कशी नोंदवून ठेवली, याचा तो दस्तऐवज ठरतो.

किल्ल्यातील उपासनागृह

श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ मध्ये प्रशियातील सोनेनबुर्ग या गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. हाले येथील विद्यापीठात शिक्षण घेऊन ते १७५० मध्ये तरंगंबाडी येथे आले. तरंगंबाडी ही कोरोमंडल किनाऱ्यावरील डॅनिश वसाहत. तेथे १७०६ मध्ये बार्थोलोमाउस झिगेनबाल्ग आणि हाइन्रिश प्ल्युत्शाउ यांनी भारतातील पहिल्या प्रोटेस्टंट मिशनची पायाभरणी केली होती. तमिळ शिकल्यावाचून या देशात कामच करता येणार नाही, ही झिगेनबाल्ग यांनी घालून दिलेली शिस्त श्वार्ट्झ यांनी आयुष्यभर पाळली. तमिळपाठोपाठ त्यांनी फारसी, हिंदुस्थानी आणि पोर्तुगीज या भाषा आत्मसात केल्या. तंजावरच्या दरबाराशी संबंध आल्यावर ते मराठीही शिकले. अठ्ठेचाळीस वर्षांच्या वास्तव्यात ते एकदाही युरोपला परतले नाहीत.

तरंगंबाडीहून ते तिरुचिरापल्लीला गेले. तेथील क्राइस्ट चर्च त्यांनी १७६६ मध्ये उभारले. १७६९ मध्ये तंजावरचे तुळजाराजे यांच्याशी त्यांची पहिली भेट झाली आणि पुढे तंजावर हीच त्यांची कर्मभूमी झाली.

त्या वेळी तंजावरचे मराठी राज्य शंभर वर्षांच्या उंबरठ्यावर होते. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी ऊर्फ व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास येथे भोसल्यांची गादी स्थापन केली होती. मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्काटचा नवाब आणि त्याच्या पाठीशी उभी असलेली ईस्ट इंडिया कंपनी यांच्या कात्रीत हे राज्य सापडले. १७७३ मध्ये नवाबाने कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर जिंकले. १७७६ मध्ये तुळजाराजांना गादी परत मिळाली, पण किल्ल्यात कंपनीची शिबंदी आली ती कायमचीच. १७७९ मधील या चर्चची उभारणी त्याच परिस्थितीत झाली. शिबंदीतील इंग्रज सैनिक आणि स्थानिक ख्रिस्ती या दोघांसाठी प्रार्थनेची सोय करावी, असा श्वार्ट्झ यांचा हेतू होता. शहराबाहेरील वस्तीत तमिळ ख्रिस्ती समाजासाठी मिशनचे आणखी एक उपासनागृह होते. तेच पुढे सेंट पीटर्स चर्च म्हणून ओळखले जाऊ लागले.

सर्वांच्या विश्वासाचा मध्यस्थ

ज्या वर्षी हे चर्च उभे राहिले, त्याच वर्षी मद्रास सरकारने श्वार्ट्झ यांना एका वेगळ्याच कामगिरीवर पाठवले. म्हैसूरचा हैदर अली आणि कंपनी यांच्यातील संबंध बिघडत चालले होते. हैदरचा मनसुबा जाणून घेण्यासाठी आणि कंपनीचा शांततेचा निरोप पोहोचवण्यासाठी त्यांना श्रीरंगपट्टणला जावे लागले. हैदरने त्यांचे स्वागत केले आणि प्रवासखर्चासाठी ३०० रुपयांची थैली दिली. श्वार्ट्झ यांनी ती मद्रास सरकारच्या स्वाधीन केली. सरकारने ती त्यांनाच ठेवून घेण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी ती रक्कम तंजावरमधील अनाथ मुलांच्या शाळेकडे वळवली. शिष्टाई मात्र निष्फळ ठरली. १७८० मध्ये हैदरची फौज कर्नाटक प्रांतात उतरली आणि तंजावरचा सुपीक प्रदेश उजाड झाला.

पुढील दोन-तीन वर्षांत श्वार्ट्झ यांच्या नावाला जे वजन आले, ते या दुष्काळामुळे. किल्ल्यात धान्य नव्हते. आजूबाजूच्या गावांत धान्य होते, पण ते वाहून आणण्यासाठी बैल द्यायला शेतकरी तयार नव्हते. कारण पूर्वीच्या कामाचे पैसे त्यांना मिळालेच नव्हते. मोबदला आपण स्वतः चुकता करू, असे श्वार्ट्झ यांनी कळवल्यावर बैल आले आणि किल्ल्यातील लोकांचे प्राण वाचले. नंतर जाचक वसुलीला कंटाळून रयत गावे सोडून गेली, तेव्हाही तिला परत बोलावण्यासाठी त्यांचाच शब्द कामी आला. त्यांच्या आवाहनावरून सुमारे सात हजार माणसे परतली, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. दरबाराचा शब्द आणि कंपनीचा शब्द या दोहोंवरचा विश्वास उडालेला असताना लोक एका परदेशी धर्मोपदेशकाच्या शब्दावर विसंबले, ही त्या काळच्या कारभारावरची बोलकी टिप्पणी म्हणावी लागेल.

दत्तक वारसाचा वाद

तुळजाराजांना वारस उरला नव्हता. मृत्यूपूर्वी, १७८७ मध्ये, त्यांनी भोसले घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील एका मुलाला दत्तक घेतले. १७७७ मध्ये जन्मलेला हा मुलगा म्हणजेच सरफोजी. मुलाचे पालकत्व श्वार्ट्झ यांनी स्वीकारावे, अशी राजांची इच्छा होती. एकट्याने ही जबाबदारी घेणे योग्य होणार नाही, हे ओळखून श्वार्ट्झ यांनी राजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांचे नाव सुचवले.

हा सल्ला मुलाला भोवला. दत्तकविधान शास्त्रसंमत नसल्याचा पंडितांचा अभिप्राय पुढे आला आणि कंपनीने अमरसिंहांनाच राजा म्हणून मान्यता दिली. बाल सरफोजींच्या वाट्याला नजरकैद आली आणि शिक्षणही थांबले. श्वार्ट्झ यांनी मद्रास सरकारकडे वारंवार दाद मागितली. अखेर १७९३ मध्ये सरफोजी आणि तुळजाराजांच्या राण्या यांना मद्रासला हलवण्यात आले. तेथे ख्रिश्चन विल्हेल्म गेरिके या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली सरफोजींचे शिक्षण पुन्हा सुरू झाले. दत्तकाच्या वैधतेचा प्रश्नही नव्याने काढण्यात आला. इतर ठिकाणच्या पंडितांची मते मागवण्यात आली, ती सरफोजींच्या बाजूने पडली.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ यांचे तंजावर येथे निधन झाले. त्याच वर्षी जूनअखेरीस कंपनीने अमरसिंहांना पदच्युत करून सरफोजींना गादीवर बसवले. गुरूने ज्यासाठी दहा वर्षे धडपड केली, ते त्याच्या मृत्यूनंतर चार-साडेचार महिन्यांनी साध्य झाले.

पण त्या गादीचे मोल तोवर बदलले होते. १७९९ च्या तहानुसार राज्याचा सारा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला आणि लगतचा परिसर, वार्षिक एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. सरफोजी राजे झाले, पण राज्य त्यांचे राहिले नाही.

लंडनमध्ये घडलेले शिल्प

१८०१ मध्ये सरफोजींनी लंडनमधील ‘सोसायटी फॉर प्रमोटिंग ख्रिश्चन नॉलेज’ या संस्थेला पत्र लिहिले. श्वार्ट्झ यांच्या कार्याला या संस्थेचे पाठबळ होते. आपल्या गुरूचे संगमरवरी स्मारक तयार करवून पाठवावे आणि ज्या व्यासपीठावरून ते उपदेश करीत, त्याच्या शेजारील खांबापाशी ते बसवले जावे, अशी इच्छा त्यांनी कळवली. ही कामगिरी फ्लॅक्समन यांच्याकडे आली.

फ्लॅक्समन (१७५५–१८२६) यांची निवड अर्थपूर्ण होती. तरुणपणी त्यांनी जोसाया वेजवुड यांच्या मृत्पात्र कारखान्यासाठी ग्रीक धाटणीची रेखाटने केली. पुढे सात वर्षे रोममध्ये राहून त्यांनी प्राचीन शिल्पांचा अभ्यास केला. होमरच्या महाकाव्यांवरील त्यांच्या रेखाचित्रांनी साऱ्या युरोपात नाव मिळवले आणि १८१० मध्ये रॉयल अकादमीचे पहिले शिल्पकलेचे प्राध्यापक होण्याचा मान त्यांना लाभला. अनावश्यक तपशील गाळून स्वच्छ बाह्यरेषेतून भाव व्यक्त करणे, हे त्यांच्या शैलीचे वैशिष्ट्य. भारतात ते कधीच आले नाहीत.

तंजावरच्या शिल्पात ही शैली स्पष्ट दिसते. मध्यभागी शय्या, तिच्यावर श्वार्ट्झ. जवळच त्यांचे सहकारी गेरिके. दुसऱ्या बाजूला पागोटे आणि झगा अशा दरबारी पेहरावातील सरफोजी, त्यांच्यामागे दोन मंत्री. शय्येलगत शाळेतील तीन मुले. आक्रोश नाही, देवदूत नाहीत, आकाशातून उतरणारे किरण नाहीत. सारे दृश्य एका हस्तस्पर्शाभोवती स्थिरावले आहे. प्राचीन ग्रीसमधील समाधिशिलांवर मृत व्यक्ती आणि तिचे जिवलग यांनी एकमेकांचा हात धरल्याचे दृश्य वारंवार आढळते. निरोप आणि कधीही न तुटणारे नाते, दोन्ही त्यातून सूचित होते. फ्लॅक्समन यांनी पाश्चात्त्य कलापरंपरेतील हीच मुद्रा तंजावरच्या राजासाठी योजल्याचे दिसते.

या मुद्रेचे वेगळेपण दोन तुलनांतून उमगते. पहिली तुलना मद्रासमधील शिल्पाशी. ईस्ट इंडिया कंपनीनेही श्वार्ट्झ यांचे एक स्मारक करवून घेतले. जॉन बेकन (कनिष्ठ) यांनी घडवलेले हे शिल्प चेन्नईतील सेंट जॉर्ज किल्ल्यातील सेंट मेरीज चर्चमध्ये आहे. विषय तोच, श्वार्ट्झ यांचा मृत्यू. तेथेही शय्येभोवती मुले आहेत; मात्र वरच्या भागात क्रूस घेतलेला देवदूत दिसतो आणि राजाला त्यात स्थान नाही. कंपनीने सांगितलेल्या कथेत भारतीय राज्यकर्त्याची गरज नव्हती.

दुसरी तुलना फ्लॅक्समन यांच्याच शिल्पाशी. ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील सर विल्यम जोन्स यांच्या स्मारकात जोन्स मेजापाशी बसून लिहीत आहेत आणि भारतीय पंडित त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आहेत. ज्ञान पंडितांचे, पण आसन जोन्स यांचे. तंजावरमध्ये त्याच शिल्पकाराने भारतीय माणसाला उभे केले आहे. राजा गुडघे टेकत नाही, पायाशी बसत नाही. समपातळीवर उभा राहून हात हाती घेतो. शिल्पकार तोच, काळही जवळपास तोच. फरक आहे तो स्मारक करवून घेणाऱ्यात. येथे खर्च करणारा आणि आशय ठरवणारा स्वतः भारतीय होता.

शिल्पातील काळ आणि इतिहासातील काळ

शिल्प पाहताना एक गोष्ट सहज नजरेआड होते. फेब्रुवारी १७९८ मध्ये सरफोजी राजे नव्हतेच. ते वीस वर्षांचे, गादीवरचा हक्क अद्याप सिद्ध न झालेले दत्तकपुत्र होते. मंत्र्यांसह दरबारी थाटात उभा असलेला हा राजा त्या दिवशी अस्तित्वात नव्हता.

प्रत्यक्ष घटनाक्रमही थोडा निराळा आहे. श्वार्ट्झ यांच्या अखेरच्या आजारात सरफोजी त्यांना भेटायला आले होते आणि वृद्ध गुरूने त्यांना आशीर्वाद व उपदेश दिला होता, अशी नोंद मिळते. मृत्यूच्या क्षणी मात्र जवळ होते ते त्यांचे सहकारी आणि तमिळ ख्रिस्ती सेवक. सरफोजींना अंत्यदर्शन घेता यावे म्हणून शवपेटी बंद करण्यास विलंब लावण्यात आला. सरफोजी आले, रडले, त्यांनी पार्थिवावर जरीचे वस्त्र पांघरले आणि ते दफनविधीलाही उपस्थित राहिले.

भेट, मृत्यू आणि राज्यारोहण या तीन वेगवेगळ्या घटना शिल्पाने एका क्षणात गुंफल्या आहेत. कलेच्या दृष्टीने यात गैर काही नाही. स्मारकशिल्पांची ती रीतच आहे. पण त्यातून साधलेला परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या माणसाच्या प्रयत्नांमुळे दत्तकाची वैधता मान्य झाली, त्याच्या शय्येपाशी सरफोजी राजवेशात उभे आहेत. ‘मीच योग्य वारस, आणि याला साक्ष या सत्पुरुषाची’ हे विधान शिल्प न बोलता करते. शिल्पाखालील इंग्रजी लेखही त्याच दिशेने जातो. हिंदू आणि मुस्लिम राज्यकर्त्यांनी इंग्रज सरकारशी बोलणी करण्यासाठी याच नम्र धर्मोपदेशकाची निवड केली, आणि हा संगमरवरही तंजावरच्या महाराजांच्या स्नेहातून उभा राहिला, असा त्याचा आशय आहे.

एक राजा, दोन भाषा

श्वार्ट्झ यांची समाधी या चर्चमध्ये नाही. ती शहरातील सेंट पीटर्स चर्चमध्ये आहे. तिच्यावरील शिळेवर इंग्रजीत नऊ ओळींची कविता कोरली आहे. ती सरफोजींनी स्वतः रचली. भारतीयाने इंग्रजीत लिहिलेल्या सुरुवातीच्या कवितांमध्ये तिची गणना करता येईल. तिच्यात कवी मृताला पिता म्हणून संबोधतो, त्याच्या योग्यतेला आपण पात्र ठरावे अशी प्रार्थना करतो आणि शेवटच्या ओळीत स्वतःचे नाव गुंफतो. अभंगाच्या अखेरीस नाममुद्रा येते, त्या रीतीची आठवण मराठी वाचकाला येथे झाल्यावाचून राहत नाही.

याच सुमारास, १८०३ मध्ये, सरफोजींनी आणखी एक लेख कोरवून घेतला. बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारभिंतीवरील भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा हा मराठी शिलालेख जगातील सर्वांत मोठ्या शिलालेखांपैकी एक मानला जातो. त्यांचे चिटणीस बाबुराय यांनी तो सिद्ध केला. मराठी राज्य दक्षिणेत कसे आले आणि गादी कोणाकोणाकडे गेली, याचा वृत्तांत चोळांच्या मंदिरात, तमिळ भूमीत, मराठीत कोरला गेला.

हे दोन्ही लेख आणि फ्लॅक्समन यांचे शिल्प एकत्र वाचले तरच सरफोजींचा विचार कळतो. कुळाची कथा सांगायची तेव्हा भाषा मराठी आणि जागा शिवमंदिर. गुरूचे ऋण सांगायचे तेव्हा भाषा इंग्रजी आणि जागा चर्च. दोन्हींत विसंगती आहे, असे त्यांना वाटले नसावे. ते शिवोपासक राहिले, काशीयात्रा करून आले, मंदिरांची व्यवस्था पाहिली. मिशनऱ्यांनी मनात जपलेली धर्मांतराची आशा त्यांनी पूर्ण केली नाही आणि गुरूबद्दलची कृतज्ञताही कधी लपवली नाही. शिष्य होणे वेगळे आणि अनुयायी होणे वेगळे, हा भेद त्यांनी आयुष्यभर जपला.

गुरूकडून मिळालेल्या शिक्षणाचा उपयोग मात्र त्यांनी आपल्या पद्धतीने केला. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी हस्तलिखितांबरोबर युरोपीय भाषांतील ग्रंथांची भर घातली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राजवाड्यात देवनागरी छापखाना सुरू केला; इसापनीतीच्या कथांचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी भाषांतर तेथेच छापले गेले. ‘नवविद्याकलानिधी’ या शाळेतून नव्या विद्या शिकवल्या गेल्या. धन्वंतरी महालात वैद्यक आणि नेत्रोपचारांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरला आले, तेव्हा लाव्हाझिए आणि लिनियस यांच्याविषयी सहज बोलणारा हा राजा पाहून ते थक्क झाले.

शिल्पात नसलेली माणसे

या कथेला दुसरी बाजूही आहे. राजा, मिशनरी, मंत्री आणि मुले यांना शिल्पात जागा मिळाली. ज्यांच्यामुळे हे चर्च पॅरिश म्हणून जगले, ते सामान्य तमिळ ख्रिस्ती त्यात अभावानेच दिसतात.

त्यांपैकी एक नाव वेदनायकम शास्त्री (१७७४–१८६४) यांचे. लहानपणी श्वार्ट्झ यांनी त्यांना तंजावरला आणले. सरफोजींप्रमाणेच तेही त्यांचे शिष्य, आणि पुढे सरफोजींच्याच दरबारात कवी म्हणून राहिले. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा लोकप्रिय प्रकार. त्यात भविष्य सांगणारी कुरव जमातीची स्त्री मध्यवर्ती असते. वेदनायकम यांनी या प्रकारात ‘बेथलेहेम कुरवंजी’ हे ख्रिस्ती काव्य रचले, तर सरफोजींच्या नावावर असलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात जगाचा भूगोल येतो. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी एकच तमिळ साहित्यप्रकार दोन भाषांत, दोन हेतूंनी वापरला.

दुसरे नाव एका मराठी ब्राह्मण विधवेचे. तंजावरच्या या स्त्रीने एका इंग्रज अधिकाऱ्याबरोबर संसार मांडला होता. तो हयात असेपर्यंत श्वार्ट्झ यांनी तिला बाप्तिस्मा नाकारला आणि त्याच्या निधनानंतर, १७७८ मध्ये, दिला. क्लोरिंडा हे नाव घेतलेल्या या स्त्रीने पालयंकोट्टै येथे उभारलेले चर्च १७८५ मध्ये पूर्ण झाले. स्थानिक लोक आजही त्याला ब्राह्मण बाईचे देऊळ अशा अर्थाच्या तमिळ नावाने ओळखतात. तिच्या स्मृतीसाठी कोणी लंडनहून संगमरवर मागवला नाही.

सर्वांत अवघड प्रश्न जातीचा होता. तंजावरच्या चर्चमध्ये वेल्लाळ आणि दलित समाजातील ख्रिस्ती वेगवेगळे बसत. श्वार्ट्झ यांच्या पिढीने ही प्रथा मोडण्याऐवजी चालू दिली. पुढच्या पिढीतील मिशनऱ्यांनी ती बंद करण्याचा आग्रह धरला, तेव्हा वेदनायकम यांनी जुन्या प्रथेची बाजू घेतली. १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधील जातिभेद तत्काळ सोडण्याचा आदेश काढला. त्याचा परिणाम म्हणून तंजावरमधील अनेक कुटुंबे चर्चपासून दुरावली. संगमरवरात एका शय्येभोवती एकत्र आलेली माणसे प्रत्यक्ष प्रार्थनेच्या वेळी एका ओळीत बसू शकत नव्हती, हे या शिल्पापुढे उभे राहताना विसरता येत नाही.

स्मारकाचे आजचे मोल

सरफोजींचे १८३२ मध्ये निधन झाले. राजवाड्यातील दरबारमहालात फ्रान्सिस चँट्री यांनी घडवलेला त्यांचा हात जोडून उभा असलेला संगमरवरी पुतळा आहे. त्यांचे पुत्र शिवाजी दुसरे यांच्या १८५५ मधील मृत्यूनंतर कंपनीने वारस नामंजूर करून तंजावरची गादी खालसा केली. ज्या प्रश्नावर सरफोजींची कारकीर्द सुरू झाली, त्या वारसाहक्काच्या प्रश्नावरच घराण्याची सत्ता संपली. मिशनचा वारसा पुढे अँग्लिकन चर्चकडे आणि १९४७ मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ साउथ इंडियाकडे आला.

बृहदीश्वर मंदिराला १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सरस्वती महाल देश-विदेशातील अभ्यासकांना परिचित आहे. त्यांच्या शेजारी असलेले हे चर्च मात्र बहुतेकदा ‘वसाहतकाळातील एक वास्तू’ एवढ्याच ओळखीवर सोडले जाते. मराठी इतिहासलेखनात तंजावरचे भोसले प्रामुख्याने ग्रंथालय, नाटके आणि शिलालेख यांच्या संदर्भात येतात. मिशनच्या इतिहासात सरफोजी हे श्वार्ट्झ यांचे हळवे शिष्य म्हणून येतात. एका चर्चमधील एक शिल्प या दोन्ही अर्धवट चित्रांना जोडते.

त्यामुळे या वास्तूची काळजी घेणे म्हणजे केवळ छताची गळती थांबवणे किंवा भिंतींना चुना देणे नव्हे. शिल्प कोणी करवून घेतले, त्यात कोण आहे, कोण नाही आणि ते का, याची माहिती पाहणाऱ्याला तमिळ, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत मिळाली पाहिजे. कारण या शिल्पामागची कथा याच तीन भाषांत घडली आहे. मंदिराच्या भिंतीवरील मराठी लेख वाचून बाहेर पडणाऱ्याने काही पावले पुढे येऊन चर्चमधील संगमरवरही पाहिला, तर राज्य गमावलेला राजा काय जपू पाहत होता, हे त्याला कळू शकेल. सरफोजींना आपले कुळ विसरायचे नव्हते आणि आपला गुरूही नाकारायचा नव्हता. तंजावरने या दोन्ही खुणा आजवर सांभाळल्या आहेत.